खुणांची भाषा शिकायला सोपी की अवघड? मराठी माणसाला कुठे जमतं, कुठे अडतं

बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून होणारा सौदा आपल्याकडच्या जुन्या माणसांनी पाहिलेला आहे. दलाल आणि गिऱ्हाईक एक शब्द न बोलता हजारांचा भाव ठरवतात. त्यामुळे खुणांची भाषा म्हटलं की गावात लगेच उत्तर येतं, "त्यात काय शिकायचं, हातवारे तर सगळेच करतात." पण रुमालाखाली फक्त आकडा सांगता येतो. बैल मारका आहे का, त्याला लाळ्या-खुरकूत होऊन गेली का, हे त्या बोटांनी विचारता येत नाही. कर्णबधिर माणसं आपसात बोलतात त्या भारतीय सांकेतिक भाषेत हे सगळं विचारता येतं. उधारी मागता येते, थट्टा करता येते, खोटंसुद्धा बोलता येतं. ती पुरी भाषा आहे.

२०११ च्या जनगणनेत देशात ५० लाखांहून जास्त लोकांची नोंद ऐकण्याच्या अपंगत्वाखाली झाली. यात वयामुळे कान गेलेली म्हातारी माणसंही आली. पण जे जन्मतःच ऐकू शकत नाहीत, त्यांची अडचण वेगळी. अमेरिकेतल्या पाहणीप्रमाणे अशा दहा मुलांपैकी नऊहून जास्त मुलांचे आईबाप ऐकणारे असतात. म्हणजे मुलाला जी भाषा सहज येऊ शकते ती घरात कोणालाच येत नाही. आपल्याकडे असं मूल बहुतेक जिल्ह्याच्या गावी निवासी शाळेत जातं. वसतिगृहात बाकीच्या पोरांबरोबर राहून हाताने बोलायला शिकतं आणि दिवाळीच्या सुट्टीत घरी येतं. घरात त्याला जेवायला ये, झोप, शाळेचे कपडे काढ, एवढंच सांगता येतं. शाळेत कोण मारतं, पोटात नेमकं कुठं दुखतं, हे त्याला सांगायचं असतं, पण समोरच्याला कळत नाही. म्हणून हा प्रश्न त्या मुलापेक्षा ऐकणाऱ्या माणसांचा जास्त आहे. शिकायचं आपल्याला आहे.

आता ही भाषा हिंदी किंवा कानडी शिकण्यासारखी आहे का? काही बाबतीत आहे, काही बाबतीत अजिबात नाही.

हिंदी आपल्यापैकी किती जण मुद्दाम शिकायला बसले? सिनेमा, टीव्ही, ट्रकवाले, व्यापारी यांच्याकडून ती कानावर पडत गेली. शिवाय नाक, कान, हात, पाणी हे शब्द जवळजवळ तेच. धार काढताना रेडिओ चालू असला तरी कान आपलं काम करत राहतो. खुणांच्या भाषेत ही सोय नाही. हातातलं काम थांबवून समोरच्याकडे बघावंच लागतं. नजर हलली की अर्धं वाक्य गेलं. ऐकणाऱ्या माणसाला बोलताना इकडेतिकडे बघायची सवय असते. ती मोडायला शब्द पाठ करण्यापेक्षा जास्त दिवस लागतात.

शब्दांचं म्हणाल तर सुरुवात गोड असते. पुरुषासाठी मिशीची खूण, बाईसाठी नाकातल्या चमकीची. एकदा सांगितलं की विसरत नाही. पण सगळ्या खुणा अशा चित्रासारख्या नसतात, आणि ज्या असतात त्याही कोणी सांगेपर्यंत ओळखू येतातच असं नाही. ही भाषा जगभर एकच असते हाही समज खोटा. इंग्लंड आणि अमेरिका दोन्हीकडे इंग्रजी बोलतात, पण तिथल्या खुणांच्या भाषा वेगवेगळ्या आहेत. अमेरिकेतली फ्रान्सच्या खुणांवर वाढली. आपल्याकडे देशभर व्याकरण बरंचसं एक, पण शहरागणिक आणि शाळेगणिक काही खुणा बदलतात. वऱ्हाडी आणि कोल्हापुरी माणूस एकमेकांना समजून घेतातच की, तसंच ते.

मराठी माणसाला खरा फायदा आहे तो वाक्याच्या ठेवणीत. भारतीय सांकेतिक भाषेत क्रियापद बहुधा शेवटी येतं, जसं आपल्याकडे. नकारही शेवटी, "माहीत नाही" सारखा. प्रश्नाची खूणसुद्धा शेवटी. "तुझं रान कुठंय?" हे बऱ्याचदा 'तुझं – रान – जागा – काय' असं होतं. 'कोण', 'कुठं', 'केव्हा' यांना दरवेळी वेगळी खूण लागत नाही. माणूस, जागा, वेळ यांच्या खुणेला एकच प्रश्नखूण जोडून काम भागतं. काळाचा शब्द आधी सांगून टाकायचा, 'उद्या – मी – बाजार – जाणे'. गेलो, जातो, जाईन असली क्रियापदाची रूपं नाहीत. आला, आली, आलं हा घोळही नाही. काम संपलं हे दाखवायला क्रियापदानंतर 'झालं' अशी खूण येते. आपल्याकडे माणूस भेटला की "जेवण झालं का?" विचारतात. तिथे जेवण, मग झालं, आणि भुवया वर. 'का'चं काम भुवया करतात.

आणि इथेच बहुतेक जण अडतात. मराठीत चेहरा मख्ख ठेवूनही बोलता येतं, कित्येक साहेब तसेच बोलतात. खुणांच्या भाषेत चेहरा हा व्याकरणाचा भाग आहे. भुवया उचलल्या नाहीत तर प्रश्नाचं साधं विधान होतं. मोठ्या माणसांना सगळ्यांदेखत तोंडाचे हावभाव करायची लाज वाटते, लहान पोरांना वाटत नाही. म्हणून घरात आजोबांच्या आधी धाकटी बहीण शिकते.

दुसरी अवघड गोष्ट म्हणजे जागेचा वापर. "सासऱ्यांनी जावयाला बैल दिला" यात कोणी कोणाला दिला हे आपण 'नी' आणि 'ला' लावून सांगतो. खुणांमध्ये सासरे उजवीकडे मांडायचे, जावई डावीकडे, आणि 'देणे' ही खूण उजवीकडून डावीकडे न्यायची. पुढे बोलताना त्या जागा लक्षात ठेवायच्या, कारण नुसतं बोट दाखवलं की तो माणूस आला. तोंडाने मराठी बोलत बोलत हात चालवणाऱ्यांची गाडी इथे हमखास रुतते. हात मराठीच्या मागे धावतात, मग ना धड मराठी ना धड खुणा.

नावं बोटांनी लिहितात. त्यासाठी दोन हातांची इंग्रजी मुळाक्षरं जास्त चालतात. डाव्या हाताची पाच बोटं म्हणजे अंगठ्यापासून करंगळीपर्यंत ए, ई, आय, ओ, यू. करायला आठवड्यात जमतं. दुसऱ्याची बोटं वाचायला मात्र महिने जातात.

फायदेही बघा. मळणी यंत्राच्या आवाजात, एका बांधावरून दुसऱ्या बांधावर घसा न फोडता बोलता येतं.

ऐकणाऱ्यांनी हे मनावर घेतलं तर काय होतं, याचं उदाहरण अमेरिकेच्या मार्थाज व्हिनयार्ड बेटावर आहे. तिथल्या चिलमार्क गावात एकोणिसाव्या शतकात दर २५ माणसांमागे साधारण एक जण बहिरा होता, पिढीजात. गावातले ऐकणारे मासेमार आणि शेतकरी लहानपणापासून खुणा शिकत. बहिरे लोक शेती करत, लग्नं करत, गावसभेत बोलत. नोरा ग्रोस या अभ्यासक बाईंनी तिथल्या म्हाताऱ्यांना भेटून १९८५ साली पुस्तक लिहिलं. बहिऱ्यांबद्दल विचारलं की ती माणसं त्यांचा धंदा, स्वभाव सांगत. ऐकू न येणं त्यांना सांगण्यासारखं वाटत नसे. इंडोनेशियात बाली बेटावरच्या बेंगकाला या गावातही ऐकणारे बहुसंख्य लोक थोडंफार हाताने बोलतात. दोन्हीकडे वर्ग नव्हते, पुस्तक नव्हतं. रोजची गाठभेट होती.

आपल्याकडे ती गाठभेट मुद्दाम घडवावी लागेल. दिल्लीत २०१५ साली भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. त्यांच्या शब्दकोशाची पहिली आवृत्ती २०१८ साली ३,००० शब्दांची निघाली, २०२१ ची १०,००० शब्दांची आहे. यूट्यूबवर चित्रफिती फुकट बघता येतात. दुभाषी व्हायचं असेल तर २ वर्षांची पदविका आहे. घरापुरतं बोलायला तेवढ्याची गरज नाही, पण रोज अर्धा तास समोरासमोर लागतो. मोबाईल उलट बोलत नाही, चुकलं तर सांगत नाही.

"हात वापरू दिले तर पोरगं बोलायला शिकणार नाही" असं अजूनही आईबापांना सांगितलं जातं. याला अभ्यासाचा आधार नाही. मशीन लावलं असलं, तोंडी बोलण्याचे धडे चालू असले तरी बरोबरीने खुणा शिकवता येतात. पहिली चार-पाच वर्षं कुठलीच भाषा न मिळणं हे मात्र फार महागात पडतं, ते नंतर भरून निघत नाही.

गावात मोठं कर्णबधिर माणूस असेल तर त्यांच्याकडूनच शिकावं, मात्र आधी ते शाळेत गेलेत का हे बघावं. शाळेत न गेलेल्यांच्या खुणा बहुधा त्यांच्या घरापुरत्या असतात, शेजारच्या तालुक्यात चालत नाहीत. त्यांच्याशी बोलायला त्या हव्यातच. मुलासाठी मात्र शाळेतली मोठी मुलं जास्त उपयोगी. सुट्टीत त्यातल्या एखाद्याला चार दिवस घरी राहायला बोलवा. आणि हाक "ए मुक्या" अशी मारू नका. त्यांना प्रत्येकाला नावाची खूण असते, ती त्यांच्यातल्याच कोणीतरी ठेवलेली असते, विचारली की दाखवतात.