धुऱ्यावरचं झुडूप मुळातून काढा : कुऱ्हाड, टिकास आणि सब्बल यांची निवड व वापर



सोयाबीन निघाले, कपाशीचा पहिला वेचा घरात आला की आपले लक्ष धुऱ्याकडे जाते. दोन-तीन वर्षे हात न लागलेल्या धुऱ्यावर बोराटी, वेडी बाभूळ, पळस, घाणेरी यांचे गचपण माजलेले असते. ते हळूहळू वावरात शिरते, पिकाचे दोन-चार तास बुडतात. रोही आणि रानडुकरं तिथेच दडून बसतात. मग मजूर लावून धुरा तोडला जातो. पण तक्रार ठरलेली असते : "यंदा तोडलं का पुढच्या सालाले दुप्पट येते."

ही तक्रार खरी आहे. दोष मजुराचा नाही. काम चुकीच्या जागी होते आणि बरेचदा चुकीच्या हत्याराने होते.

पुन्हा का फुटते?

वेडी बाभूळ म्हणजे आपली गावरान बाभूळ नव्हे. ती अमेरिका खंडाकडून आलेली आहे. पूर्णाकाठच्या खारपाण पट्ट्यातही ती तग धरते. तिचे फुटवे खोड आणि मूळ यांच्या जोडावर, मातीच्या आत असतात. वरून कुऱ्हाड मारली की एका खोडाच्या जागी पाच-सात फोका येतात. बोराटी आणि पळस तर मुळावरूनही फुटतात. गावरान बाभळीची फूट त्यामानाने कमजोर असते. म्हणून झाड ओळखा, मग हत्यार उचला.

कशासाठी कोणते हत्यार?

१. गवत व बोटाएवढ्या फोका : विळा. इथे कुऱ्हाड चालवू नये. बारीक फोक लवते आणि पाते उसळून पायावर येते.

२. मनगटाएवढे खोड व काटेरी फांद्या : हलकी कुऱ्हाड. काटेरी फांदी हाताने ओढू नये. दुबेळक्याची लांब काठी करून तिने दाबून धरावी व सरकवावी.

३. वेडी बाभूळ, बोराटी, पळस : आधी कुऱ्हाडीने वरचा भाग उतरवावा. मांडीएवढे खोड हातभर उंच ठेवावे, पुढे ओढायला कामी येते. मग टिकासाने भोवतालची माती काढून जमिनीखाली किमान एक वीत खोल मूळ तोडावे. हीच या कामाची किल्ली आहे.

४. घाणेरी (काही गावांत रायमुनिया) : दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांनी हिच्यासाठी सोपी रीत सांगितली आहे. मुख्य मूळ जमिनीखाली दोन-तीन बोटे तोडावे आणि सबंध झुडूप उलटे, मुळे वर करून ठेवावे, म्हणजे ते पुन्हा रुजत नाही. घाणेरी जनावरांना विषारी आहे, गोठ्याजवळ टाकू नये.

५. नाल्याकाठची बेशरम : हिचा तुटलेला तुकडाही ओलीत रुजतो. तोडलेले सारे वर कोरड्या जागी काढून वाळवावे.

सब्बल कशी लावावी?

मूळ अर्धवट सुटले की टिकासाने घाव घालत बसू नये. बुडाखाली सब्बल घालून तिच्याखाली दगडाचा टेकू द्यावा. पाच फुटांच्या सब्बलीला टोकापासून अर्ध्या फुटावर टेकू दिला, तर वरच्या टोकाला लावलेला जोर बुडाशी नऊपट पडतो. टेकू दोन फुटांवर सरकला तर दीडपटच उरतो. म्हणून टेकू बुडाच्या जितका जवळ, तितके काम हलके. सब्बलीवर पोट टेकून लोंबकळू नये. ती सटकली तर माणूस तोंडावर पडतो.

विकत घेताना

हत्यार जितके जड तितके चांगले, असे नाही. एक-सव्वा किलो पात्याची कुऱ्हाड धुऱ्याच्या कामाला पुरते. थकलेल्या हाताचा घाव वाकडा पडतो. बाया-माणसे काम करणार असतील तर त्यांच्यासाठी हलके हत्यार वेगळे घ्यावे.

पाते टांगून दगडाने टिचकी मारा. आवाज खणखणीत यावा. भदभद आला तर चीर असू शकते. दांडा धावड्याचा किंवा तिवसाचा उत्तम. लाकडाच्या रेषा दांड्याच्या लांबीला धरून सरळ जाव्यात, आडव्या गेल्या तर दांडा मोडतो. उभा धरला तर दांडा कमरेपर्यंत यावा.

ढिला दांडा रात्रभर पाण्यात ठेवण्याची रीत आहे. ती तात्पुरती आहे. उन्हात लाकूड वाळले की पाते पुन्हा ढिले होते आणि उडून माणसाला लागते. नवी पाचर ठोका.

बोथट हत्यार सर्वांत धोक्याचे, कारण त्याला जोर जास्त लावावा लागतो. कामाच्या मधे-मधे कानस फिरवा. धार जाड झाली की लोहाराकडून शेवटून, पाणी देऊन घ्या. टिकासाने दगड-माती खणावी, कुऱ्हाडीने कधीही नाही.

काम करताना

दोन माणसांत किमान दहा हात अंतर ठेवा. घाव घालण्याआधी डोक्यावरच्या वेली व फांद्या काढा, कुऱ्हाड त्यांत अडकते. घाव तिरपा घाला, पाय घावाच्या वाटेत ठेवू नका. तिरपे टोकदार खुंट सोडू नका. ते पायात आणि ट्रॅक्टरच्या चाकात घुसतात. गचपणात हात घालण्याआधी काठीने आपटा, घोणस तिथेच बसते. पायात जाड बूट हवेत, चप्पल नको.

उन्हाळ्यात काळी जमीन दगडासारखी होते आणि पारा ४५ अंशांवर जातो. म्हणून मुळे खणायचे काम दिवाळीनंतर, जमिनीत ओल असतानाच उरकावे.

जखम झाली तर स्वच्छ फडके दाबून धरा, धनुर्वाताचे इंजेक्शन घ्या. साप चावला तर चिरा देऊ नका, चोखू नका, आवळून बांधू नका. १०८ वर फोन करून रुग्णालय गाठा.

काय ठेवावे?

धुरा उघडाबोडका करू नये. गवत मुळासकट खरडले तर पहिल्याच पावसात धुरा वाहून जातो. निंब व गावरान बोर ठेवा. साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ, खैर, चंदन ही झाडे महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ खाली येतात, ती परवानगीशिवाय तोडू नयेत. धुरा सामाईक असेल तर शेजाऱ्याला आधी विचारा. निघालेले काटे कुंपणाला घाला, पेटवू नका.

शेवटची गोष्ट : पुढच्या पावसाळ्यात दोनदा धुऱ्यावर चक्कर मारा. वेडी बाभूळ शेळ्या-गुरांच्या लेंड्या-शेणातून पुन्हा येते. वीतभर रोप ओल्या जमिनीतून हाताने निघते. दोन वर्षांनी त्यालाच टिकास आणि सब्बल लागते, आणि मजुरीही.

लक्षात ठेवा : झाड ओळखा, हत्याराला धार द्या, घाव मातीखाली घाला.