गाडी तुमची, पण कागदावर नाव कुणाचं?

दुपारची झाकपाक आटोपून आमच्या शेजारच्या वहिनी जरा पाठ टेकायला गेल्या, तोच दाराची बेल वाजली. बाहेर कोर्टाचा बेलिफ उभा. हातात लांबट पाकीट, आणि त्यावर चक्क वहिनींचं नाव! वहिनींच्या पायांतलं त्राणच गेलं. नोटीस होती मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची. एका स्कूटरने सायकलवरून चाललेल्या माणसाला धडक दिली होती, त्याचा पाय मोडला होता आणि त्याने भरपाई मागितली होती. स्कूटरची मालकीण म्हणून वहिनी प्रतिवादी!

"अहो, पण ती स्कूटर मी दोन वर्षांपूर्वीच विकली!" वहिनी पुन:पुन्हा सांगत होत्या. आणि ते खरंही होतं. लग्नात वडिलांनी हौसेने घेऊन दिलेली, वहिनींच्याच नावावरची ती स्कूटर. जुनी झाली तेव्हा गॅरेजवाल्याच्या ओळखीने सहा हजारांना दिली. कोऱ्या फॉर्मवर दोन सह्या, आरसी बुक आणि किल्ली एवढं हाती दिलं आणि व्यवहार संपला, असं त्यांना वाटलं. घेणाऱ्याने नाव बदललंच नाही, विमाही उतरवला नाही. सरकारदरबारी स्कूटर अजून वहिनींचीच होती. दावा अजून चालू आहे. तारखेच्या दिवशी वहिनी सकाळी लवकर स्वयंपाक उरकून कोर्टाची वाट धरतात.

मैत्रिणींनो, ही गोष्ट वाचून "आपल्याला काय त्याचं, गाडीचे कागद 'हे' बघतात" असं म्हणू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्टच सांगितलं आहे, की नोंदणीत ज्याचं नाव तोच कायद्याने मालक. गाडी हातोहात चार जणांनी घेतली, पण नोंदणीतलं नाव बदललं नाही, तर भरपाईची जबाबदारी त्या पहिल्या नावावरच राहते. तेव्हा रेशनकार्डावरची नावं जशी आपण डोळ्यांत तेल घालून तपासतो, तसंच आरसीवरचं नावही तपासायला हवं. कसं, ते आज पाहू.

कुठल्या गाडीला नोंदणी लागते?

स्कूटर, मोटारसायकल, मोपेड या सगळ्यांना लागते. पुण्याच्या कायनेटिक कंपनीने १९७२ साली आणलेली लुना आठवते ना? पायडल होती, दिसायला सायकलच्या जवळची, पण तिलाही नंबर असायचाच. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा आहे. त्यात चारपेक्षा कमी चाकांच्या आणि २५ सीसीपर्यंतच्या इंजिनाच्या वाहनाला तेवढी सूट आहे. मोपेडचं इंजिन त्याहून मोठं, म्हणून तिला सूट नाही.

आता खरा गोंधळ आहे तो विजेवरच्या गाड्यांचा. "लायसन्स नको, पासिंग नको" अशी पाटी दुकानावर दिसते आणि आपण भुलतो. ही सवलत खरी आहे, पण तिच्या अटी आहेत आणि त्या सगळ्या एकदमच पाळल्या गेल्या पाहिजेत. मोटरची ताकद २५० वॅटपेक्षा कमी हवी. वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत हवा. बॅटरी सोडून वजन ६० किलोपेक्षा जास्त नको. शिवाय त्या मॉडेलची मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासणी झालेली हवी. पुण्याची एआरएआय ही अशीच एक संस्था. दुकानदाराकडे या तपासणीचं प्रमाणपत्र मागा. पायडल मारत चालवायच्या विजेच्या सायकलीलाही सवलत आहे, पण तिची मोटर २५च्या वेगाला किंवा पायडल थांबवताच आपोआप बंद पडायला हवी.

आणि एक ध्यानात ठेवा. काही ठिकाणी "ताई, थोडं सेटिंग करून देतो, चाळीसने पळेल" असं सांगतात. त्या क्षणी ती गाडी सवलतीतून बाहेर पडते. मग तिला नोंदणी हवी, विमा हवा, चालवणाऱ्याला लायसन्स हवं. यातलं काहीच नसताना कुणाला लागलं, तर भरपाई आपल्याच खिशातून.

जोरात पळणाऱ्या विजेच्या स्कूटरींना नोंदणी आहेच. घरगुती वापराच्या अशा गाडीची पाटी हिरवी आणि अक्षरं पांढरी असतात. ऑगस्ट २०२१ पासून बॅटरीवरच्या गाड्यांना नोंदणीची फी माफ झाली. फी माफ झाली, म्हणजे नोंदणीच माफ झाली, असा काहींचा समज होतो. तो चुकीचा आहे.

नवी गाडी घरी आणताना

दसरा-पाडव्याच्या मुहूर्तावर गाडी आणायची घाई असते. हार घालून, नारळ फोडून ती दारात उभी राहते आणि नंबर मात्र पंधरा दिवसांनी! तसं करू नका. २०१९ साली कायद्यात दुरुस्ती झाली. नव्या गाडीच्या नोंदणीचा अर्ज आता विक्रेताच करतो आणि नंबराची पाटी लागल्याशिवाय गाडी ग्राहकाच्या ताब्यात द्यायची नाही, असं कायदा सांगतो. मुहूर्त साधायचा असेल, तर आठ-दहा दिवस आधी पैसे भरा, म्हणजे पाडव्याला पाटीसकट गाडी मिळेल.

अर्जाचा फॉर्म २० नंबरचा. त्याबरोबर विक्रीचं प्रमाणपत्र (फॉर्म २१), गाडी रस्त्यावर चालायला योग्य असल्याचं प्रमाणपत्र (फॉर्म २२), विमा, पत्त्याचा पुरावा आणि कर हे सगळं लागतं. विक्रेता हे करत असला, तरी सही करण्यापूर्वी चार गोष्टी स्वत: वाचा.

एक, नाव. तुमच्या आधार कार्डावर आहे तेच नाव घाला. माहेरचं नाव एका कागदावर आणि सासरचं दुसऱ्यावर, असं झालं की पुढे प्रत्येक कामाला खुलासे करत बसावं लागतं.

दोन, चासी नंबर आणि इंजिन नंबर (विजेच्या गाडीला मोटरचा नंबर). गाडीवर कोरलेला आकडा आणि कागदावरचा आकडा स्वत: ताडून पाहा. डाळ निवडताना खडा दिसतो तशी एका आकड्याची चूक तुम्हाला दिसेल.

तीन, मोबाइल नंबर. एजंटाचा किंवा दुकानाचा नंबर घातलेला असला, तर पुढचे सगळे संदेश आणि ओटीपी त्यांच्याकडे जातात.

चार, वारस. २०२१ पासून नोंदणीतच वारसदार म्हणून एकाचं नाव देता येतं. याचा उपयोग काय, ते पुढे सांगते.

विम्याचंही एक सांगून ठेवते. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला तिसऱ्या पक्षाचा विमा एकदम ५ वर्षांचा घ्यावा लागतो. ५ वर्षं कशी जातात कळत नाही आणि सहाव्या वर्षी विमा काढायचं राहून जातं. तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

गाडी कर्जावर घेतली असेल, तर आरसीवर बँकेचा बोजा चढतो. शेवटचा हप्ता फेडला की तो आपोआप उतरत नाही! बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ देऊन तो उतरवावा लागतो. नाहीतर ऐन विकायच्या वेळी अडतं.

बदली झाली, गाव बदललं

बदलीच्या नोकरीत बिऱ्हाड हलतं. आपण गॅसचा पत्ता बदलतो, शाळेचा दाखला आणतो आणि गाडीचा पत्ता विसरतो. पत्ता बदलल्यावर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. त्यासाठी फॉर्म ३३ आहे. गाव महाराष्ट्रातलंच असेल, तर नंबर तोच राहतो. साताऱ्याची एमएच ११ गाडी नागपुरातही एमएच ११च राहते.

पण राज्य बदललं तर? समजा, पणजीहून कोल्हापूरला आलात आणि गाडी गोव्याच्या नंबराची आहे. १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ ती इथे ठेवायची असेल, तर इथला नंबर घ्यावा लागतो. त्याआधी मूळ आरटीओकडून ना-हरकत प्रमाणपत्र (फॉर्म २८) आणायचं. हे काम गाव सोडतानाच उरका. एकदा सामान हललं, की त्या एका कागदासाठी पुन्हा फेरी पडते.

जुनी गाडी विकताना

वहिनींची चूक इथेच झाली. मालकी बदलायला दोन फॉर्म असतात, २९ आणि ३०. पहिला विकणाऱ्याने गाडी दिल्याचं कळवण्याचा, दुसरा नाव बदलून मागण्याचा. घेणारा राज्यातलाच असेल, तर विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव लावून घ्यायचं, असा नियम आहे. परराज्यातला असेल, तर विकणाऱ्याला ४५ दिवस मिळतात आणि ना-हरकतही लागते.

कोऱ्या फॉर्मवर कधीही सही करू नका, मग समोरचा कितीही ओळखीचा असो. घेणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख लिहून झाल्यावरच सही. त्याच्या ओळखपत्राची प्रत घ्या. गाडी कोणत्या दिवशी, किती वाजता दिली, याचा कागद दोघांच्या सहीने करून ठेवा. जमलं तर थोडे पैसे नाव बदलेपर्यंत मागे ठेवा. म्हणजे घेणारा स्वत:च धावपळ करतो. महिन्याभराने परिवहन विभागाच्या ॲपवर नंबर टाकून पाहा. तुमचं नाव गेलं असेल, तरच गाडी विकली गेली म्हणायची. विमा कंपनीलाही कळवायला विसरू नका.

भंगारात दिली तरी नोंदणी आपोआप संपत नाही बरं का! १४ दिवसांत आरटीओला कळवून ती रद्द करून घ्यावी लागते.

घरातलं माणूस गेल्यावर

लिहायला जड जातं, पण हे सांगितलं पाहिजे. नवऱ्याच्या नावावरची गाडी त्याच्यामागे तशीच चालवत राहणाऱ्या कितीतरी बायका आहेत. दु:खाच्या दिवसांत कागद कुणाला सुचतात? पण नियम असा, की मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि ३ महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून गाडी स्वत:च्या नावावर करून घ्यायची. वेळेत कळवलं, तर ते ३ महिने गाडी वापरता येते. वारसदाराचं नाव आधीच नोंदवलेलं असेल, तर हे काम बरंच सोपं होतं. म्हणून म्हणते, जोडीदाराशी एकदा हा विषय काढाच. बँकेच्या पासबुकावर वारस लावतो, त्यात आपण कुठे अशुभ मानतो?

पंधरा वर्षांची झाली की

नोंदणी १५ वर्षांची असते. मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत फॉर्म २५ भरून अर्ज करता येतो. गाडी तपासायला न्यावी लागते आणि मग पुढची ५ वर्षं मिळतात. एप्रिल २०२२ पासून याची फी बरीच वाढली, शिवाय जुन्या गाड्यांना पर्यावरण करही आहे. तेव्हा आधी हिशेब करा. जेमतेम किमतीच्या गाडीवर एवढा खर्च परवडतो का, हे घरातली गृहिणीच अचूक सांगेल.

आणि मुलांच्या हाती किल्ली...

"दहावीला आहे, क्लास लांब आहे, नेऊ दे की स्कूटर" असं आपणच म्हणतो. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं हे खरं, पण ते ५० सीसीपर्यंतच्या गाडीचं. आपल्या घरातली नेहमीची स्कूटर १००च्या आसपास किंवा वरची असते. तिला १८ वर्षं पूर्णच हवीत. सप्टेंबर २०१९ पासून कायदा फार कडक झाला आहे. अल्पवयीन मुलाने बिनपरवाना गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा मालक दोषी धरले जातात. ३ वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. आणि गाडी तुमच्या नावावर असेल, तर मालकीण म्हणून उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.

मग आज संध्याकाळी एवढं करा. दिवेलागणीनंतर घरातल्या प्रत्येक गाडीचं आरसी काढा आणि नाव, पत्ता, मोबाइल नंबर, मुदत, बोजा, वारस एवढ्या गोष्टी वहीच्या एका पानावर उतरवा. शेजारी विम्याची तारीख लिहा. पूर्वी विकलेल्या गाड्यांचे नंबर आठवत असतील, तर तेही ॲपवर टाकून पाहा. अर्ध्या तासाचं काम आहे.

वहिनींनी परवाच त्यांच्या नव्या स्कूटरचं आरसी मला दाखवलं. सगळं नीट ताडून, वारस लावून घेतलेलं. "आता शिकले हो," त्या हसून म्हणाल्या, "पण फार महाग पडलं शिकणं!" तुम्हाला मात्र ते एवढं महाग पडायचं कारण नाही.