कुत्र्यासह परदेशगमन

महाभारताच्या अखेरीस महाप्रस्थानाची कथा आहे. हिमालयाच्या वाटेवर द्रौपदी पडली, मागोमाग चारी भाऊ पडले आणि धर्मराज एकटाच पुढें चालत राहिला. त्याच्या मागें उरला होता फक्त एक कुत्रा. इंद्र रथ घेऊन आला. पण कुत्र्याला स्वर्गांत जागा नाहीं, असें त्यानें बजावलें. जो भक्तीनें मागें आला त्याला टाकून मला स्वर्ग नको, असें म्हणून धर्मराज तेथेंच उभा राहिला. ती त्याची परीक्षा होती, आणि तो तींत उतरला.

श्रोतेहो, आज आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरांत हाच प्रश्न निराळ्या वेषानें येतो. मुलाला, सुनेला किंवा जांवयाला परदेशांत नोकरी लागते. सामान बांधावयास सुरुवात होते आणि घरांतला कुत्रा त्या पेट्यांभोंवतीं हुंगत हिंडूं लागतो. मात्र या नव्या दारावरचा द्वारपाल परीक्षा घेत नाहीं. तो यादी पाहतो. त्या यादींत आपल्या कुत्र्याची जात असेल, तर त्याचा स्वभाव, त्याचें शिक्षण, घरच्यांचें प्रेम, कशाचाच उपयोग होत नाहीं. ही यादी म्हणजे काय, देशोदेशीं ती कशी बदलते आणि आपण तिच्यापुढें कसें उभें राहावें, हें आज सांगावयाचें आहे.

प्रथम एका घराची हकीकत सांगतों. पुण्यांत माझ्या शेजारीं एक कुटुंब राहत असे. त्यांच्याकडे भैरव नांवाचा रॉटवायलर होता. काळाभोर, भुवयांवर तांबूस ठिपके, छाती पेटीसारखी भरलेली. पण टपालवालासुद्धां त्याच्या डोक्यावर थाप मारल्याशिवाय पुढें जात नसे. घरच्या कर्त्या पुरुषाला २०२२ सालीं त्याच्या कंपनीनें दोन जागा देऊं केल्या, एक लंडनची व दुसरी दुबईची. दुबई जवळ, पगार अधिक. म्हणून त्यांनीं ती पत्करली. मुलांच्या शाळेचे पैसे भरले, इकडचें बिऱ्हाड सोडण्याची सूचना घरमालकाला दिली. निघावयास तीन आठवडे उरले असतां वहिनी मजकडे आल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, भैरवाच्या तिकिटाचें कसें करायचें?" तोंपर्यंत तो प्रश्न कोणीच विचारला नव्हता.

उत्तर कठीण होतें. संयुक्त अरब अमिरातींत धोकादायक प्राणी बाळगण्यासंबंधीं २०१६ चा कायदा आहे, आणि ज्या कुत्र्यांना त्या देशांत आणण्यास मनाई आहे त्यांत पिट बुल व तोसा यांच्याबरोबर रॉटवायलर, डॉबरमन आणि बॉक्सर यांचींहि नांवें आहेत. म्हणजे पुण्यामुंबईच्या बंगल्यांतून नित्य दिसणाऱ्या तीन जाती! लंडनला मात्र रॉटवायलरवर जातीमुळें कसलीहि बंदी नाहीं. दोन जागांपैकीं एक निवडतांना हा एक प्रश्न विचारला असता, तर पुढचें सारेंच निराळें झालें असतें.

या याद्या आल्या कोठून? त्यांतील सर्वांत गाजलेली यादी विलायतेची. तेथील जुना कायदा धोकादायक ठरलेल्या कुत्र्याचा विचार करी. १९९१ च्या कायद्यानें ज्यानें कांहींच केलें नाहीं अशा कुत्र्याचाहि विचार आरंभिला. त्या सुमारास कुत्र्यांच्या हल्ल्यांत माणसें जबर जखमी झाल्याच्या घटनांनीं लोकमत खवळलें होतें. संसदेनें घाईनें कायदा केला आणि पिट बुल टेरियर, जपानी तोसा, डोगो अर्जेंतिनो व फिला ब्राझिलेरो या चार प्रकारांवर बंदी घातली. एक्सएल बुली हा पांचवा प्रकार २०२३ च्या अखेरीस त्यांत आला. १ फेब्रुवारी २०२४ पासून इंग्लंड व वेल्समध्यें सवलतीच्या दाखल्याशिवाय तो बाळगणें हा गुन्हा झाला. हा दाखला तेथें आधींपासून असलेल्या कुत्र्यांकरितां होता. त्यासाठीं नसबंदी, कातडीखालीं बसविलेली मायक्रोचिप, तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा, आणि बाहेर पडतांना साखळी व मुसकें, इतक्या अटी आहेत. बाहेरून असा कुत्रा नव्यानें आणण्यास मात्र मुळींच परवानगी नाहीं.

येथें एक बारकावा नीट ध्यानांत घ्यावयास हवा. त्या कायद्यांतील शब्द "प्रकार" असा आहे, "जात" असा नाहीं. म्हणजे आईबाप कोण हें गौण. कुत्रा दिसतो कसा, हें मुख्य. माप घेऊन उंची, डोकें, जबडा, छाती यांचा मेळ पाहिला जातो. एक्सएल बुलीच्या बाबतींत खांद्यापाशीं नराची उंची २० इंच आणि मादीची १९ इंच येथून मोजणी सुरू होते. आपला कुत्रा त्या प्रकारचा नाहीं हें सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो. उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट शहरांत लेनक्स नांवाचा एक कुत्रा केवळ पिट बुलसारखा दिसतो म्हणून २०१० सालीं जप्त झाला. त्यानें कोणाला चावा घेतल्याची तक्रार नव्हती. उलट त्याचा स्वभाव भरवंशाचा नाहीं, असें नगरपालिकेच्या तज्ज्ञाचें म्हणणें पडलें. दोन वर्षें खटला चालला, जगभरांतून विनंतीपत्रें गेलीं, आणि जुलै २०१२ मध्यें त्याला मारण्यांत आलें.

फ्रान्सची तऱ्हा याच्या अगदीं उलट आहे. तेथें १९९९ च्या कायद्यानें दोन वर्ग पाडले आहेत. एकाच बांध्याचे दोन कुत्रे असले, तरी ज्याची वंशावळ मान्य नोंदवहींत आहे तो दुसऱ्या वर्गांत जातो आणि परवाना घेऊन राहूं शकतो. ज्याला वंशावळीचा कागद नाहीं तो पहिल्या वर्गांत पडतो आणि त्याला देशांत आणतांच येत नाहीं. विलायतेंत कागद निरुपयोगी, फ्रान्समध्यें कागद हेंच सर्वस्व!

आतां आपल्या भैरवालाच बोटाशीं धरून आपण कांहीं देश फिरून येऊं. रॉटवायलर हें नांव जर्मनींतील रॉटवाइल या गांवावरून पडलें. खाटकांचीं गुरें हांकणें व त्यांच्या गाड्या ओढणें हें त्याचें मूळचें काम. त्या गांवाच्या प्रांतांत, बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्यें, धोकादायक जातींच्या यादींत तो नाहीं. पण शेजारच्या बव्हेरियांत त्याच जातीच्या कुत्र्याला तज्ज्ञाकडून स्वभावाची परीक्षा करवून दाखला मिळवावा लागतो. जर्मनीच्या २००१ च्या कायद्यानें पिट बुल, अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरियर, स्टॅफर्डशायर बुल टेरियर व बुल टेरियर या चार जातींना व त्यांच्या संकरांना देशांत आणण्याची मनाई आहे. त्याखेरीज ज्या प्रांतांत राहावयाचें तेथील यादीहि लागू होते. म्हणून म्यूनिकची नोकरी आणि स्टुटगार्टची नोकरी यांत कुत्र्याच्या दृष्टीनें जमीन-अस्मानाचें अंतर पडूं शकतें. फ्रान्समध्यें रॉटवायलर दुसऱ्या वर्गांत येतो. मालकाला प्रशिक्षण घ्यावें लागतें, कुत्र्याची वर्तन-परीक्षा होते, आणि रस्त्यावर मुसकें व साखळी लागते. आयर्लंडमध्यें तो येऊं शकतो. परंतु सार्वजनिक जागीं मुसकें, आंखूड व भक्कम दोरी, आणि ती धरणारी व्यक्ति सोळा वर्षांवरील, हा नियम आहे.

सिंगापुरांत त्याला बंदी नाहीं, पण जागा मिळणें कठीण. तेथें बहुसंख्य लोक सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या सदनिकांत राहतात आणि त्यांत ठराविक लहान जातींचा एकच कुत्रा ठेवतां येतो. खासगी घरांत राहिलें तरी रॉटवायलरसाठीं नसबंदी, विमा, बँकेची हमी, शिक्षण आणि मुसकें या अटी आहेतच.

अमेरिकेंत सबंध राष्ट्राला लागू अशी जातींची यादी नाहीं. तेथें शहर पाहावें लागतें. डेन्व्हर शहरांत १९८९ पासून असलेली पिट बुलवरील बंदी २०२० मध्यें मतदारांनीं उठवून तेथें परवान्याची पद्धति आणली. कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतांत मात्र २००५ पासून ती बंदी आहे. शिवाय अमेरिकेंत सरकारनें अडविलें नाहीं, तरी घरमालक अडवितो आणि विमा कंपनीहि अडविते. भाडेपट्ट्यांत जातींची वेगळी यादी असते आणि रॉटवायलरचें नांव तींत पुष्कळदां आढळतें.

यावरून एवढें उमगेल कीं, "परदेशांत कुत्रा नेतां येतो का?" हा प्रश्नच अपुरा आहे. राष्ट्राचा कायदा, प्रांताचा किंवा शहराचा नियम आणि राहत्या घराचा करार, अशीं तीन दारें ओलांडावयाचीं असतात. यांखेरीज विमान कंपनीचा नियम वेगळा. दांडग्या जातींसाठीं कित्येक कंपन्या अधिक भक्कम पिंजरा मागतात. चपट्या नाकाच्या कुत्र्यांना उष्म्यांत श्वास पुरत नाहीं म्हणून कांहीं कंपन्या त्यांना घेतच नाहींत. वाटेंत विमान बदलावयाचें असेल, तर त्या मधल्या देशाचा नियमहि विचारावा.

जातीची अडचण नसली तरी आरोग्याचे कागद सर्वांनाच लागतात, आणि तेथें घाई चालत नाहीं. युरोपीय संघ व विलायत यांना भारतांतून जाणाऱ्या कुत्र्याची आधीं मायक्रोचिप, मग रेबीजची लस, लशीनंतर निदान तीस दिवसांनीं रक्ताची तपासणी, आणि रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबणें, असा क्रम आहे. चिप बसविण्यापूर्वीं टोंचलेली लस हिशेबांत धरत नाहींत. म्हणजे सर्व सुरळीत झालें तरी चार महिने गेलेच. अमेरिकेनेंहि १ ऑगस्ट २०२४ पासून भारतासारख्या, रेबीजचा धोका अधिक असलेल्या देशांतून येणाऱ्या कुत्र्यांसाठीं नियम कडक केले आहेत. ऑस्ट्रेलियांत तर भारतांतून थेट नेतांच येत नाहीं. कुत्र्याला आधीं मान्य देशांत ठेवावें लागतें.

आतां एका मोहाविषयीं स्पष्ट बोलणें जरूर आहे. वहिनींना कोणा दलालानें सुचविलें होतें कीं, कागदांवर "लॅब्राडोरचा संकर" असें लिहूं. विमानतळावर कोण पाहतो? श्रोतेहो, विमानतळावर पाहतात. आणि तेथें न पाहिलें, तरी पुढें शेजारी पाहतो, पशुवैद्य पाहतो, रस्त्यावरचा पोलीस पाहतो. खोटें उघडकीस आलें तर धन्याला दंड होईल, कदाचित् त्याला परत पाठवितील. कुत्र्याला मात्र अनेक ठिकाणीं प्राणास मुकावें लागतें. कागद खोटा आपण करावयाचा आणि त्याची शिक्षा मुक्या जिवानें भोगावयाची, हा व्यवहार भैरवाच्या घरानें नाकारला, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

हे कायदे न्याय्य आहेत का, असें आपण विचाराल. ज्या आईच्या लेकराला अशा कुत्र्यानें फाडलें, तिच्यापुढें उभें राहून जातीवरून दोष देऊं नका, असें सांगणें सोपें नाहीं. दांडग्या कुत्र्याची चूक एकदांच होते आणि तीच पुरेशी असते. तथापि चावा जात घेत नाहीं, कुत्रा घेतो. आणि कुत्र्याला घडविणारा माणूस असतो. नेदरलँड्सनें १९९३ मध्यें घातलेली पिट बुलवरील बंदी सुमारें पंधरा वर्षांनीं मागें घेतली. आपल्याकडेहि १२ मार्च २०२४ रोजीं केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन खात्यानें पिट बुल, रॉटवायलर इत्यादि २३ जातींची आयात, पैदास व विक्री थांबविण्यास राज्यांना कळविलें. पुढच्याच महिन्यांत कर्नाटक उच्च न्यायालयानें तें पत्रक रद्द ठरविलें. वाद चालूच राहील. पण आपल्या प्रवासाचा दिवस त्या वादाच्या निकालासाठीं थांबणारा नाहीं.

म्हणून माझें सांगणें इतकेंच. नोकरीच्या पत्रावर सही करण्यापूर्वीं, ज्या दिवशीं पगार आणि शाळा यांची चौकशी कराल त्याच दिवशीं कुत्र्याचीहि करा. ती त्या देशाच्या सरकारी खात्याकडे लेखी करा. दलालाच्या तोंडच्या शब्दावर विसंबूं नका. उत्तर "नाहीं" असें आलें, तर त्याला नवें घर शोधण्यास निदान कांहीं महिने हातीं राहतील. ज्यांना तरुणपणींच परदेशीं जाण्याची उमेद आहे, त्यांनीं पिल्लूं घेतांनाच जातीचा विचार करावा.

भैरव हल्लीं सासवडजवळ वहिनींच्या भावाच्या मळ्यांत आहे. पहिले चार दिवस तो जेवला नाहीं. फाटकाकडे तोंड करून पडून राहिला. पांचव्या दिवशीं मळ्यांतल्या म्हाताऱ्या आजींनीं आपल्या हातानें भाकरी दुधांत कुसकरून पुढें ठेवली, तेव्हां त्यानें ती खाल्ली. आज तो सुखांत आहे. वहिनी सुटीला आल्या, म्हणजे विमानतळावरून प्रथम सासवडची वाट धरतात. धर्मराजाला रथ नाकारतां आला. आपणां संसारी माणसांना तो दरवेळीं नाकारतां येत नाहीं. परंतु रथ दारांत येण्यापूर्वीं आपल्या सोबत्याचें काय, एवढें विचारणें तर आपल्या हातीं खास आहे.