पासारेलाचे गोल आणि न मोजलेला एक

बचावपटूने गोल केला की आपण त्याला वरकमाई समजतो; त्याचं खरं काम मागे उभं राहून गोल वाचवण्याचं. अर्जेंटिनाचा बचावपटू दानिएल पासारेला याची कारकीर्द आज पुन्हा तपासली की ही विभागणीच चुकीची वाटते. त्याच्या नावावर ४५१ सामन्यांत १३४ गोल सांगितले जातात. पुढे बचावपटू रोनाल्ड कूमनने हा आकडा मागे टाकला. अर्जेंटिनासाठी ७० सामन्यांत २२ गोल आहेत ते वेगळेच. उंची म्हणाल तर जेमतेम १.७३ मीटर. तरी हवेतल्या चेंडूवर धिप्पाड गडी त्याच्यापुढे थिटे पडत, कारण चेंडू कुठे उतरणार हे त्याला आधी कळे आणि उडी वेळेवर पडे. स्वतःच्या गोलसमोरचा चेंडू परतवायला जो अंदाज लागतो, तोच समोरच्या जाळ्यात चेंडू घालायलाही लागतो. १९८५-८६ च्या मोसमात, कडेकोट बचावासाठी नावाजलेल्या इटालियन लीगमध्ये, तिशी ओलांडलेल्या या गड्याने फिओरेंतिनाकडून ११ गोल केले.

यातले बरेच गोल पेनल्टी आणि फ्री किकचे, असा आक्षेप घेतला जातो. खरं आहे. पण १९७८ च्या विश्वचषकात फ्रान्सविरुद्ध मध्यंतराच्या तोंडावर मिळालेली पेनल्टी घ्यायला घरच्या प्रेक्षकांसमोर पंचवीस वर्षांचा कर्णधार स्वतः पुढे गेला, आणि तो सामना अर्जेंटिनाने २-१ असाच जिंकला. अशा वेळी चेंडू हातात घेणं हीच कर्णधारी. दुसरा आक्षेप जास्त जड आहे: त्या जून महिन्यात तो चषक त्याला लष्करी हुकूमशहा विदेलाच्या हातून मिळाला. तो डाग त्या विजयावर आहेच आणि पुसूही नये. मात्र राजवटीचा हिशेब खेळाडूच्या पायांकडे मागणं न्यायाचं नाही.

माझ्या मते त्याचा सर्वांत मोलाचा गोल त्याच्या नावावरच नाही. ३० जून १९८५, ब्युनोस आयर्स. पेरू २-१ ने पुढे, सामना संपायला दहा मिनिटं, आणि बरोबरी झाली नाही तर मेक्सिकोच्या विश्वचषकाची थेट वाट बंद. पासारेला बचावाची जागा सोडून पेनल्टी क्षेत्रात घुसला, त्याने फटका मारला, आणि गोलरेषेपाशी रिकार्दो गारेकाने चेंडू आत ढकलला. नोंद गारेकाच्या नावावर झाली. मेक्सिकोत पासारेला आजारपणामुळे एकही मिनिट खेळला नाही. कर्णधाराची पट्टी मॅराडोनाच्या दंडावर होती.