गरोदरपण आणि स्वादुपिंडाचं जुनं दुखणं

किहीमहून तुमची बचत गटवाली ताई बोलतेय.

गटाच्या एका बैठकीत आमची एक सदस्य भिंतीला पाठ लावून, गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. पाच महिन्यांची गरोदर. चहा घेतला नाही, खाऊला हात लावला नाही. कुणी विचारलं तर म्हणाली, "गॅस झालाय." सगळ्या गेल्यावर मला म्हणाली, "ताई, हा गॅस नाही. लग्नाआधीपासूनचं दुखणं आहे. स्वादुपिंडाला जुनी सूज आहे. सासरी माहीत नाही." खाल्लं की दुखतं म्हणून तिनं दुपारचं जेवणच सोडलं होतं. फारच कळ आली तर मेडिकलमधून अंगदुखीची गोळी आणून गिळत होती.

तिला विचारूनच हे सांगतेय. मी काही डॉक्टर नाही, बी. ए. झालेली बाई आहे. तिच्यासोबत तपासणीला गेले, विचारलं, वाचलं. त्यातलं तुमच्या उपयोगाचं तेवढं सांगते.

स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्यापुढे आडवं असतं. अन्न पचवणारा रस आणि साखर आवरणारं इन्सुलिन तिथंच तयार होतं. त्याला वर्षानुवर्षं सूज राहिली की ते निबर होतं, काहींच्या नळीत खडे धरतात. दुखतं ते बेंबीच्या वर, आणि कळ आरपार पाठीत जाते. आपल्याकडे याला पित्त म्हणतात, वायगोळा म्हणतात आणि ओवा-सोडा देऊन मोकळे होतात. आमच्या या बाईनं दोन वर्षं पित्ताच्याच गोळ्या खाल्ल्या होत्या.

ती सासरी का बोलली नाही? हा दारूड्यांचा आजार, असं लोकांच्या डोक्यात बसलंय. दारूनं तो होतो हे खरंच. पण आपल्या देशात दारूचा थेंबही न घेतलेल्या तरुण मुला-मुलींना तो होतो. केरळच्या डॉक्टरांनी साठ वर्षांपूर्वीच अशा रुग्णांची नोंद करून ठेवली आहे. काहींच्या जनुकांतच तसा दोष असतो. सासूबाईंनो, सुनेच्या चारित्र्याचा या दुखण्याशी काही संबंध नाही.

दुसरी भीती म्हणजे "बाळाचं काय होणार?" हा आजार असलेल्या बहुतेक जणींना दिवस जातात आणि बाळंही धडधाकट होतात. काहींचं दुखणं तर या नऊ महिन्यांत कमीच होतं. मात्र साखर वाढण्याचा आणि दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, म्हणून लक्ष जास्त ठेवावं लागतं. आजार लपवला तर ते लक्ष कोण ठेवणार?

आता दुखण्याबद्दल. ज्यांना हे दुखणं जुनं आहे त्यांना एक युक्ती ठाऊक असते: पुढं वाकून बसलं की कळ जरा उतरते. पण पाचव्या-सहाव्या महिन्यापासून पोट वाकू देत नाही, आणि बाई घाबरते. तेव्हा मांडीवर दोन-तीन उशा रचून त्यांवर हात आणि डोकं टेकवून बसा. किंवा डाव्या कुशीवर, गुडघे थोडे वर घेऊन, दोन गुडघ्यांत उशी ठेवून पडा. पाठीला कोमट शेक चालतो. पोटावर गरम पिशवी ठेवू नका.

गोळीचं नीट ऐका. गरोदरपणात दुखण्यावर पहिली गोळी पॅरासिटामॉल, तीही डॉक्टरांनी सांगितलेल्या मापातच. मेडिकलमध्ये "अंगदुखीची द्या" म्हटलं की जी पट्टी मिळते, तिच्यात बऱ्याचदा पॅरासिटामॉलच्या जोडीला डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक नाहीतर आयबुप्रोफेन असतं. विसाव्या आठवड्यानंतर या औषधांनी बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊ शकतो, पोटातलं पाणी कमी होऊ शकतं. शेवटच्या तीन महिन्यांत बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी बंद होण्याचीही भीती असते. पट्टीवरचं नाव वाचता येत नसेल तर आशाताईला दाखवा. ट्रामाडॉलसारखी जोरदार गोळी किंवा नसांच्या दुखण्याची गोळी आधीपासून चालू असेल तर पाळी चुकल्याबरोबर डॉक्टरांना सांगा. स्वतःच्या मनानं एकदम बंद करू नका. बाळंतपण करणाऱ्यांनाही ते माहीत हवं, कारण जन्मल्यावर बाळावर काही दिवस नजर ठेवावी लागते.

जेवण सोडणं ही मात्र सगळ्यात मोठी चूक, आणि ती सगळ्यात जास्त बायका करतात. एकदम ताटभर न जेवता पाच-सहा वेळा थोडं थोडं खा. सकाळी अर्धी तांदळाची भाकरी, मग मऊ भात-वरण, ताक, अंडं, कालवणातला मासा. तळलेल्या बांगड्यापेक्षा कालवणातला बरा. वालाचं बिरडं सोसत असेल तर थोडं खायला हरकत नाही. तेल-खोबरं पार बंद करायची गरज नसते, कारण बाळाला स्निग्धही हवं.

पण शौचाला तेलकट, घाण वासाचं, पाण्यावर तरंगणारं होत असेल, वजन वाढत नसेल, तर रस कमी पडतोय असं समजा. त्यासाठी पाचक रसाच्या कॅप्सूल मिळतात. त्या जेवणासोबतच घ्यायच्या, पहिल्या घासांबरोबर. तासाभरानं घेऊन उपयोग नाही. चावायच्या नाहीत, गरम चहाबरोबर गिळायच्या नाहीत. या कॅप्सूल बहुधा डुकराच्या स्वादुपिंडापासून करतात. आमच्या मुसलमान मैत्रिणींना याची अडचण वाटली तर गुपचूप बंद करू नका, डॉक्टरांशी मोकळं बोला. जीवनसत्त्वाच्या गोळ्याही स्वतःहून आणू नका. अ जीवनसत्त्व जास्त झालं तर पोटातल्या बाळाला बाधतं.

साखर पहिल्याच तपासणीला बघून घ्या आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत. स्वादुपिंड थकलेलं असेल तर साखर वाढते, आणि इन्सुलिन चालू केल्यावर एकदम खालीही येते. म्हणून श्रावणी सोमवार, रोजे, निर्जळी एकादशी यांना या वर्षापुरती रजा. देव समजून घेतो, साखर घेत नाही. मिश्रीचंही तसंच. तिच्यातलं निकोटीन बाळापर्यंत जातं आणि बाळाचं वजन कमी भरतं. घरात बिडी ओढणारा असेल तर त्याला अंगणात पाठवा. तंबाखूचा धूर हा आजार वाढवतो.

आणखी एक गोष्ट मला स्वतःला माहीत नव्हती. आपलं जुनंच दुखतंय, असं धरून चालायचं नाही. विसाव्या आठवड्यानंतर बेंबीच्या वर किंवा उजव्या बरगडीखाली दुखतंय, सोबत डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढं अंधुक होतंय, तोंडावर सूज आहे, तर ते रक्तदाबाचं असू शकतं. ते आई आणि बाळ दोघांच्या जिवावरचं असतं. पित्ताशयातले खडेही गरोदरपणात असंच दुखवतात. म्हणून अशी कळ आली की रक्तदाब मोजून घ्यायचाच. सोनोग्राफीनं बाळाला काही होत नाही, त्याला नाही म्हणू नका. स्वादुपिंडातले खडे फोडायचे उपचार मात्र बाळंतपणानंतरच करतात, म्हणून जमलं तर ते दिवस जाण्याआधी उरकलेले बरे.

उलट्या थांबत नाहीत, पाणीही ठरत नाही, ताप आहे, डोळे पिवळे झालेत, बाळाची हालचाल मंदावली, अंगावरून रक्त किंवा पाणी जातंय, ठरावीक वेळानं पोट घट्ट होतंय, तर सकाळ होण्याची वाट बघू नका. १०८ ला फोन करा. किहीमहून अलिबागचं जिल्हा रुग्णालय दहा-बारा किलोमीटर आहे. मुंबईला पाठवायची वेळ आली तर मांडव्याच्या बोटीवर भिस्त ठेवू नका, पावसात गेटवेच्या लाँच बंदच असतात. पोयनाड-वडखळचा रस्ता धरून चालायचं, आणि गाडी कुणाची ते आधीच ठरवायचं.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची तज्ज्ञांकडून मोफत तपासणी होते. तिथं पहिलं वाक्य हेच बोला, "मला स्वादुपिंडाचा जुना आजार आहे." जुने रिपोर्ट सोबत न्या.

आमच्या त्या मैत्रिणीनं शेवटी सासूला सांगितलं. मी शेजारी बसले होते. सासू बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणून तू दुपारची जेवत नव्हतीस होय," आणि उठून आत गेली, भात टाकायला. गटानं तिच्यासाठी तीन हजार रुपये अंतर्गत कर्जातून बाजूला ठेवलेत. मोठ्या मुलीला रात्री-बेरात्री कोण सांभाळणार ते ठरलंय. फायलीच्या पहिल्या पानावर तिच्या गोळ्यांची नावं मोठ्या अक्षरात लिहिली आहेत. ती फाईल दाराच्या खिळ्याला पिशवीत टांगलेली असते.