नर नसलेल्या सरड्यांचा नकाशा

नर शेजारी असतानाही मादीने त्याच्या मदतीशिवाय पिल्लं दिली, ही व्हिपटेल सरड्यांची बातमी एव्हाना बहुतेकांच्या वाचनात आली असेल. जर्मनीतल्या माइन्त्स विद्यापीठातले पीटर बाउमान आणि त्यांचे सहकारी यांचा तो शोधनिबंध ‘ईलाइफ’ या नियतकालिकात २०२४मध्ये प्रसिद्ध झाला. अशा बातमीला ‘कुमारी माता’ हा मथळा ठरलेलाच असतो आणि त्या मथळ्याखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. ती आधी सोडवायला हवी.

पहिली गोष्ट प्रयोगशाळेतली. ॲस्पिडोसेलिस मार्मोराटस ही नर आणि मादी दोन्ही असलेली जात. तिच्यात क्वचित एखादं अंडं फलित न होताच वाढू लागतं. अशा अंड्यात गुणसूत्रांचा एकच संच असतो, त्याचीच दुसरी प्रत निघते आणि पिल्लू घडतं. एकाच खेपेच्या अंड्यांतून एक पिल्लू बापाचं आणि दुसरं बापाविना, असंही या संशोधकांना आढळलं. मात्र दोन्ही संच हुबेहूब असल्यामुळे आईच्या अंगात दडून राहिलेले जनुकीय दोष अशा पिल्लात एका पिढीत उघडे पडतात. कित्येक भ्रूण अंड्यातच दगावतात, काही व्यंग घेऊन जन्मतात.

दुसरी गोष्ट उघड्या रानातली. काही व्हिपटेल जातींमध्ये नर मुळी नसतातच. सगळ्या माद्या, पिढ्यान्‌पिढ्या, आणि अगदी धडधाकट. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्याने २००३मध्ये अशीच एक जात आपला मानाचा सरपटणारा प्राणी म्हणून निवडली. आपल्याकडे कुंडीतल्या मातीत सापडणारा गांडुळासारखा वाळा साप आठवा. त्याच्यातही फक्त माद्या असतात आणि कुंड्यांतून प्रवास करत तो जगभर पोचला आहे. व्हिपटेलमधल्या या माद्यांच्या जाती दोन वेगळ्या जातींच्या संकरातून जन्मलेल्या असतात. न्यू मेक्सिकोच्या त्या मानकरी सरड्याच्या आई-बाप जातींपैकी एक म्हणजे बातमीतली मार्मोराटस.

अमेरिकेच्या आणि मेक्सिकोच्या वाळवंटातल्या या माद्यांवर साठ वर्षं भरभरून लिहिलं गेलं. उष्ण कटिबंधातली त्यांची भावंडं, म्हणजे ॲमेझॉनच्या वाळूवरची, व्हेनेझुएलाच्या बेटांवरची, ब्राझीलच्या किनाऱ्यावरची, कायम दुसऱ्या रांगेत राहिली. मला तर या सगळ्या प्रकरणाची किल्ली तिथेच आहे असं वाटतं.

आधी प्राणी नीट बघू. नेमिडोफोरस लेम्निस्काटस हा सडपातळ सरडा भर दुपारी, जेव्हा बाकी सगळं सावलीला गेलेलं असतं, तेव्हा वाळूवर निघतो. चार पावलं झपाझप, मग थांबा. दुभंगलेली जीभ बाहेर येते, जमीन चाटते. पुढच्या पायाने पालापाचोळा उकरला जातो, किडा सापडला तर गट्टम, की पुन्हा धाव. थांबला की पुढचा पंजा हवेत हलवतो. शेपूट धडाहून कितीतरी लांब. नराच्या कुशीवर हिरव्या-निळ्या-पिवळ्या रंगांचे ठिपके आणि पट्टे. अंग चांगलं तापल्याशिवाय हा प्राणी चालत नाही; फिरताना त्याच्या शरीराचं तापमान ३८-४० अंशांच्या आसपास असतं. म्हणजेच घनदाट जंगलाची सावली त्याला सोसत नाही. त्याला नदीकाठची वाळू, सवानातलं विरळ गवत, समुद्रकाठची झुडपं लागतात. ॲमेझॉनच्या खोऱ्यात अशा मोकळ्या जागा जंगलात तुकड्या-तुकड्यांनी विखुरलेल्या आहेत. तापजोस नदीकाठच्या आल्तेर दो शाओ गावाजवळचा सवाना हा त्यांपैकीच एक. व्हिपटेलचा नकाशा हा त्यामुळे मोकळ्या जमिनीचा नकाशा आहे, आजच्या आणि हजारो वर्षांपूर्वीच्याही.

वर्गीकरणाचा इतिहास थोडक्यात सांगून पुढे जातो. लेम्निस्काटसला लिनियसने १७५८मध्येच नाव दिलं होतं. १८३०मध्ये वाग्लर यांनी नेमिडोफोरस ही प्रजाती उभी केली आणि पुढची पावणेदोनशे वर्षं ती अडगळीच्या खोलीसारखी भरत गेली. शेजारच्या अमेइवा प्रजातीपासून तिला वेगळं काढायची खूण होती जीभ: मुळाशी म्यान असलेली जीभ अमेइवाची, म्यान नसलेली नेमिडोफोरसची. एवढ्या एका खुणेवर पन्नासहून अधिक जातींचा भार टाकला होता. २००२मध्ये टॉड रीडर, चार्ल्स कोल आणि हर्बर्ट डेसॉर यांनी डीएनए, प्रथिनं आणि शरीररचना एकत्र तपासली, तेव्हा उत्तर अमेरिकेतल्या व्हिपटेल जाती दक्षिणेतल्या नेमिडोफोरसच्या सख्ख्या नाहीतच असं दिसलं. उत्तरेच्या जाती ॲस्पिडोसेलिस या जुन्या, टाकून दिलेल्या नावाखाली गेल्या. २०१२मध्ये हार्वी, उगेतो आणि गटबर्लेट यांनी दक्षिणेची खोलीही उपसली आणि अमेइव्हुला, कॉन्टोमास्टिक्स, ऑरिव्हेला अशी नवी घरं बांधली. कॅरिबियन बेटांवरच्या अमेइवा २०१६मध्ये फोलिडोसेलिस झाल्या. नावं सारखी बदलतात म्हणून कुरकुर करणारे अभ्यासक आहेत. मला ती कुरकुर पटत नाही. चुकीच्या नातेवाइकांत बसवलेल्या प्राण्याचा इतिहासही चुकीचाच लिहिला जातो.

आज साधारण चित्र असं: ॲस्पिडोसेलिस अमेरिकेपासून मेक्सिकोमार्गे कोस्टा रिकापर्यंत, नेमिडोफोरस मध्य अमेरिकेपासून ॲमेझॉनपर्यंत आणि अरुबा, कुरासाव, बोनेर या बेटांवर, अमेइव्हुला ब्राझीलच्या कोरड्या पट्ट्यात आणि किनाऱ्यावर. ॲस्पिडोसेलिसमध्ये चाळीसहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या सुमारे एक तृतीयांश फक्त माद्यांच्या.

आता पाउलो वान्झोलिनी यांच्याबद्दल, कारण त्यांच्याशिवाय ही गोष्ट मला सांगता येणार नाही. १९२४मध्ये साओ पाउलोत जन्मलेले वान्झोलिनी डॉक्टरकी शिकले, मग सरड्यांसाठी हार्वर्डला गेले. परत येऊन साओ पाउलो विद्यापीठाच्या प्राणी संग्रहालयाचे तीस वर्षं संचालक राहिले. रात्री ते सांबा रचत. ब्राझीलमध्ये आजही त्यांना कोट्यवधी लोक ओळखतात ते गीतकार म्हणून. सरडेवाले ओळखतात ते ॲमेझॉनच्या उपनद्यांवरून बोटीने फिरत नमुने गोळा करणारा माणूस म्हणून. २०१३मध्ये ते गेले, तेव्हा त्यांनी वाढवलेला सरपटणाऱ्या प्राण्यांचा संग्रह लाखांच्या घरात पोचला होता.

१९७०मध्ये त्यांनी दोन महत्त्वाची कामं प्रसिद्ध केली. हार्वर्डच्या अर्नेस्ट विल्यम्स यांच्याबरोबर त्यांनी दक्षिण अमेरिकेतल्या ॲनोल सरड्यांचा अभ्यास मांडला. कोरड्या काळात ॲमेझॉनचं जंगल आक्रसून बेटांसारखं तुटलं, त्या बेटांत प्राणी वेगळे झाले आणि जंगल परत जुळल्यावर एकमेकांना भेटले, असा त्यांचा तर्क होता. (पक्ष्यांवरून युर्गन हाफर यांनी १९६९मध्ये तसाच तर्क मांडला होता.) त्या तर्कावर पुढे पुष्कळ टीका झाली आणि ती बरीचशी रास्त आहे. दुसरं काम छोटं टिपण होतं: ॲमेझॉनच्या खोऱ्यात नेमिडोफोरसच्या फक्त माद्यांच्या वस्त्या आहेत. टिपण छोटं, पण त्याने वाळवंटातली मानली गेलेली घटना विषुववृत्ताजवळ आणून ठेवली. कुठल्या नदीच्या कुठल्या काठावर काय सापडलं, याची नोंद नसती तर संग्रहालयातल्या बाटल्यांमधला हा फरक कुणाच्या लक्षात आला असता? सगळेच सरडे दिसायला लेम्निस्काटस.

कोल आणि डेसॉर यांनी १९९३मध्ये या माद्यांना स्वतंत्र नावं दिली. नेमिडोफोरस क्रिप्टस ही ग्रॅमिव्हॅगस आणि लेम्निस्काटस या दोन जातींच्या संकरातून आलेली. पुरावा विकरांचा: दोन्ही आई-बाप जातींच्या विकरांचे नमुने तिच्या प्रत्येक पेशीत शेजारी-शेजारी सापडतात. क्रिप्टसचा लेम्निस्काटसशी पुन्हा संकर झाला, तेव्हा गुणसूत्रांचे तीन संच असलेली स्यूडोलेम्निस्काटस ही सुरिनाममधली जात झाली. केंट्रोपिक्स या भाऊबंद प्रजातीतही बोर्कियाना ही अशीच माद्यांची जात आहे.

आई आणि मुलगी खरोखर एकसारख्या असतात का, हे तपासायची एक पद्धत मला फार आवडते. एकीच्या कातडीचा लहानसा तुकडा काढून दुसरीच्या पाठीवर लावायचा. नर-मादी जातीत शरीर परका तुकडा नाकारतं, तो सुकून गळतो. ओर्लँडो क्वेयार यांनी १९७६मध्ये वाळवंटी माद्यांवर हे केलं आणि तुकडे रुजले. शरीराला ते आपलेच वाटले. यामागचं यंत्र २०१०मध्ये बाउमान यांच्याच गटाने उलगडलं. अंडं बनण्याआधी पेशी आपली सगळी गुणसूत्रं दुप्पट करते आणि प्रत्येक गुणसूत्र आपल्याच प्रतीशी जोडी जमवतं. अदलाबदल झाली तरी सारख्याची सारख्याशी. संकरातून मिळालेली दोन वेगळी वाणं म्हणून जशीच्या तशी टिकतात. बातमीतल्या बापाविना पिल्लात ती विविधता एका फटक्यात संपते. दोन्हींना एकच मथळा लावणं म्हणूनच चूक आहे.

मग कुठल्याही दोन जाती भेटल्या की माद्यांची जात तयार होते का? २०२२मध्ये ‘सायन्स’मध्ये अँथनी बार्ली आणि सहकाऱ्यांनी ॲस्पिडोसेलिसचं सबंध नातेजाळं मांडलं. जवळच्या जाती भेटल्या तर जनुकांची देवाणघेवाण होते आणि दोघीही चालू राहतात. पुरेशा दुरावलेल्या जाती भेटल्या तरच संकरातून माद्यांची वेगळी जात निघण्याची शक्यता असते. म्हणजे कोण कुठे राहतं आणि किती काळ वेगळं राहिलं, यावर पुढचं ठरतं.

एका नावाला मात्र माझा विरोध आहे. कॅन्सस सिटीच्या स्टोवर्स संस्थेत तीन संचांच्या मादीचा दुसऱ्या जातीच्या नराशी संकर घडवून चार संचांची, स्वतःहून वाढणारी माद्यांची फळी तयार झाली. विल्यम नीव्ह्‌स यांना असाच एक संकरित सरडा १९६७मध्ये ॲलामोगोर्डोजवळ रानात सापडला होता; त्यांच्या सन्मानार्थ २०१४मध्ये या प्रयोगशाळेतल्या सरड्यांना ॲस्पिडोसेलिस नीव्हसी हे नाव मिळालं. प्रयोग अव्वल दर्जाचा आहे. पण ज्याला रानात वस्ती नाही, त्याला जात म्हणून नोंदवलं की ‘जात’ या शब्दातून जागाच निघून जाते.

जागेचं मोल बेटांवर कळतं. सेंट लुसियाचा व्हिपटेल १९६६मध्ये अमेइवा म्हणून नोंदवला गेला आणि वान्झोलिनींचं नाव त्याला दिलं गेलं. पुढे तो नेमिडोफोरस वान्झोई झाला. काळी पाठ, निळी शेपूट, पिवळं पोट: देशाच्या झेंड्याचेच रंग. तो उरला होता फक्त मारिया बेटांच्या जोडीवर, आणि त्यातलं मोठं बेट सुमारे दहा हेक्टरचं. मुख्य बेटावर उंदीर, मांजरं आणि मुंगूस. हे मुंगूस आपल्याकडचं. उसाच्या मळ्यातले उंदीर मारायला १८७२मध्ये कलकत्त्याहून नऊ मुंगसं जमैकात नेली गेली आणि तिथून त्यांची पिलावळ बेटोबेटी वाटली गेली. सेंट क्रॉयवरचा फोलिडोसेलिस पोलोप्स मुंगसांमुळे मुख्य बेटावरून नाहीसा झाला. २००८मध्ये ग्रीन के या खडकाळ बेटावरून ५७ सरडे मुंगूसमुक्त केलेल्या बक बेटावर नेऊन सोडले, तेव्हा कुठे त्याला आणखी एक वस्ती मिळाली. सेंट लुसियातही १९९५मध्ये प्रास्लिन बेटावर असंच स्थलांतर केलं गेलं आणि ते यशस्वी झालं.

ब्राझीलच्या किनाऱ्यावर तर नावाचा हिशेब थेट दिसतो. समुद्राला लागून असलेल्या वाळूवरच्या झुडपी पट्ट्यांना तिथे रेस्टिंगा म्हणतात, आणि बांधकामांनी ते खाल्ले आहेत. तिथले सगळे व्हिपटेल दीर्घकाळ एका ओसेलिफेरा नावाखाली, अंतर्भागातल्या जातीत धरले जात. ती जात ईशान्य ब्राझीलभर पसरलेली, म्हणून कुणाला काळजी नव्हती. १९९७मध्ये रोचा, बेर्गालो आणि पेचिनिनी-सेआले यांनी एस्पिरितो सान्तोच्या किनाऱ्यावरची माद्यांची वस्ती नातिवो या नावाने वेगळी काढली. २०००मध्ये रिओची लित्तोरालिस, २००२मध्ये बाहियाची अबायतेन्सिस. २००३मध्ये ब्राझील सरकारने धोक्यातल्या प्राण्यांची यादी काढली, तेव्हा तिन्ही त्यात होत्या. ओसेलिफेरा म्हणून मोजल्या गेल्या असत्या तर त्यांतली एकही त्या यादीत आली नसती. बार्ली यांनी उत्तरेसाठी विणलं तसं नातेजाळं लेम्निस्काटसच्या दक्षिणी गोतावळ्यासाठी विणायला हवं, आणि त्यासाठी ओरिनोको ते ॲमेझॉन वाळूच्या प्रत्येक पट्ट्यावरून, ठिकाणाच्या नेमक्या नोंदीसह, नमुने हवेत. तो पैसा आणि ती बोट आधी द्या. प्रयोगशाळेतले संकर थोडे थांबू शकतात.