एक ‘ने’, अर्थ अनेक

‘हा डबा ने’ यात ‘ने’ क्रियापद आहे. ‘चाकूने काप’ यात तृतीयेचा प्रत्यय.

मराठीबाहेर तर अर्थ पार पालटतो. अथेन्समध्ये ‘ने’ म्हणजे होकार, सोलमध्येही आदराने दिलेला होकार. प्राग आणि बेलग्रेडमध्ये मात्र स्पष्ट नकार. इस्तंबूलमध्ये ‘ने?’ म्हणजे ‘काय?’. जपानी माणूस वाक्याच्या शेवटी ‘ने’ जोडतो, तो आपल्या ‘ना?’सारखा.

हा सगळाच योगायोग नाही. चेक-सर्बियन ‘ने’ आणि संस्कृत ‘न’ एकाच इंडो-युरोपीय मुळातले, म्हणून आपल्या ‘नाही’चे नातलग. कोरियन, जपानी, तुर्की ‘ने’ या कुळातले नाहीत. ध्वनी मोजके आणि अर्थ अगणित असल्याने इतके छोटे शब्द भाषाभाषांत स्वतंत्रपणे घडतात.

अथेन्सच्या दुकानात ‘ने’ ऐकून मागे फिरू नका. दुकानदार ‘हो’ म्हणतो आहे.